पंखा लागला का?

एटीव्ही ज्याच्याकडे आहे तो माणूस गर्दीत ओळखू येत नाही. गाडी बंद केल्यावर मात्र लगेच ओळखू येतो. बाकीचे लोक गाडी बंद करतात, किल्ली खिशात टाकतात आणि चहाला जातात. हा उतरतो, दोन पावलं चालतो, थबकतो, मान तिरकी करतो आणि गाडीच्या नाकाकडे कान देऊन उभा राहतो. आतला पंखा फिरत असेल तर कपाळावर एक आठी चढते, 'अजून का चालू आहे?' फिरत नसेल तर दोन चढतात, 'लागला कसा नाही?' आठी न चढण्याची तिसरी अवस्था या छंदात मी अजून पाहिलेली नाही.

ज्यांना एटीव्ही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार जाडजूड मऊ टायर, वर मोटरसायकलचं हँडल आणि दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायची एक सीट. नागावच्या किनाऱ्यावर पर्यटक जिच्यावर बसून फोटो काढतात आणि मग फोटो काढून झाल्यावर काय करायचं हे न सुचल्याने थोडीशी चालवतात, ती गाडी. मुंबई पोलीसही चौपाट्यांवर गस्तीसाठी ती वापरतात. रस्त्यावर न्यायला तिला सहसा परवानगी नसते. पोलारिस कंपनीने मात्र आपल्याकडे एक मॉडेल चक्क ट्रॅक्टर म्हणून आणलं आणि ते रस्त्यावर कायदेशीर ठरलं. एका अमेरिकन खेळगाडीला शेतकरी करून घेण्याची किमया आपल्या कागदपत्रांनाच जमते.

तर या गाडीच्या पोटात इंजिन, इंजिनाच्या पुढे रेडिएटर आणि रेडिएटरच्या मागे पंखा. या पंख्याबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे, की नीट काम करूनही ज्याच्यावर संशय घेतला जातो असा गाडीतला हा एकमेव भाग. ब्रेक लागला तर कुणी 'का लागला?' म्हणून विचारत नाही. दिवा लागला की समाधान वाटतं. पंख्याला मात्र लागल्याचाही जाब द्यावा लागतो आणि न लागल्याचाही. त्यातून तो बिचारा कामालाच अशा वेळी लागतो, की सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे जावं. गाडी पळत असते तेव्हा समोरून फुकट वारा येतो, रेडिएटर त्यावर भागवतो आणि पंखा स्वस्थ बसतो. गाडी थांबली, सगळे शांत झाले, कुणीतरी 'काय शांतता आहे ना!' असं म्हणायला तोंड उघडलं, की हा घूंऽऽ करून सुरू होतो.

माझं हे ज्ञान मेव्हण्याच्या कृपेने आलेलं आहे. मुळशीकडे त्याची थोडी जमीन आहे. थोडी म्हणजे शेती आहे म्हणून सांगता येईल इतकी आणि पीक काय येतं हे विचारू नये इतकी. बांधावरून खत न्यायला सोपं जाईल, असं घरात सांगून त्याने एक जुनी एटीव्ही घेतली. खत टेम्पोनेच जातं. ते पोहोचलं की नाही हे बघायला आम्ही एटीव्हीवरून जातो. मी मागे बसतो आणि पाचेक मिनिटांनी पुढून प्रश्न येतो, "दाजी, पंखा लागला का?"

आता इंजिनाचा जमाखर्च बघा, म्हणजे या प्रश्नामागची कळकळ लक्षात येईल. ढोबळ हिशेबाने पेट्रोलमधल्या शक्तीचा एक तृतीयांश भाग कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि एक तृतीयांश रेडिएटरमधल्या पाण्यात उतरतो. म्हणजे शंभर रुपयांचं पेट्रोल टाकलं तर तेहतीस रुपयांत आपण फिरतो, तेहतीस रुपयांत गाव तापवतो आणि तेहतीस रुपयांत पाणी. उरलेल्या रुपयाचा हिशेब इंजिन देत नाही. पाचशे सत्तर सीसीची, चव्वेचाळीस हॉर्सपॉवरची एटीव्ही पूर्ण ताकदीने पळवली तर तिच्या पाण्यात तीसेक किलोवॅट उष्णता उतरते. आपल्या न्हाणीघरातला गीझर दोन किलोवॅटचा असतो. असे पंधरा गीझर एकदम लावून त्यांच्यावर मांडी टाकून बसायचं आणि वर निसर्गाचा आनंद घ्यायचा, असा हा खेळ आहे. पूर्ण ताकदीने अर्थात कुणी चालवत नाही. पण चिखलात, वाळूत आणि चढावर ही गाडी ताकद भरपूर लावते आणि पुढे जाते माणसाच्या चालीने. उष्णता घाटातली आणि वारा दिवाणखान्यातला, असा प्रसंग येतो. मग सगळा भार पंख्यावर.

सुरुवातीला ही भानगड नव्हती. होंडाने १९७० साली अमेरिकेत जी तीनचाकी विकायला काढली, तिचं इंजिन हवेवर थंड होणारं होतं. सिलिंडरला बाहेरून पत्र्यांच्या पातळ कडा, त्यांना लागेल तो वारा, संपला विषय. पाणी नाही, पंखा नाही, म्हणून काळजीही नाही. १९७१ च्या 'डायमंड्स आर फॉरएव्हर' या बाँडपटात वाळवंटात बाँडचा पाठलाग करणारे पहारेकरी याच तीनचाकींवर आहेत. भर उन्हातल्या त्या धुमश्चक्रीत एकही पहारेकरी खाली उतरून कान देत उभा राहिलेला दिसत नाही. पुढे सुझुकीने चौथं चाक दिलं, इंजिनं मोठी झाली, हवा पुरेना, पाणी आलं, पाण्यामागून पंखा आला आणि पंख्यामागून मेव्हणा आला.

पाण्याचा त्रास तसा मोटारीइतकाच जुना. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझबाई नवऱ्याला न सांगता त्याची मोटार घेऊन मानहाइमहून माहेरी प्फोर्झहाइमला गेल्या. बरोबर दोन मुलगे. जाऊन शंभरावर किलोमीटर. त्या मोटारीला रेडिएटर असा नव्हताच. पाणी तापायचं, उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. वाटेत जिथे पाणी दिसेल तिथे थांबत, मोटारीला पाजत बाई माहेरी पोहोचल्या. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास हा असा पाणी भरण्याचा कार्यक्रम होता, हे आपल्या बायकांना सांगितलं तर त्यांना यात नवल काय ते कळणार नाही. मग १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्याच्या घडणीचा रेडिएटर केला. त्यात आठ हजार सत्तर बारीक नळ्या होत्या आणि नऊ लिटर पाण्यात काम भागत होतं. आठ हजार सत्तर नळ्या! यातली नेमकी कुठली गळते ते शोधणाऱ्या पहिल्या मिस्त्रीचं नाव इतिहासाने नोंदवलेलं नाही.

आपल्याकडे ज्यांचं वय पन्नाशीच्या पुढे आहे, त्यांना हे शिकवावं लागत नाही. बोरघाटात बॉनेट वर करून उभी असलेली प्रीमियर पद्मिनी त्यांनी पाहिलेली आहे, किंबहुना तिच्या शेजारी उभं राहून बटाट्याची भाजी-पोळी खाल्लेली आहे. त्या गाडीचा पंखा पट्ट्याने इंजिनाला बांधलेला. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन हळू तर पंखा हळू. घाटात पुढे ट्रक, त्याच्यामागे आपण, इंजिन धापा टाकतंय, वारा नाही आणि पंखाही रमतगमत; याउलट खाली सपाटीवर वाऱ्याचा झोत आहे तर हाही उगाच जिवाच्या आकांताने फिरतोय. शिंगरोबाच्या देवळापाशी लोक थांबायचे ते भक्तीनेही आणि पाणी उकळल्यामुळेही. दोन्हींमधला फरक बाहेरून कळत नसे. डिकीत पाण्याचा डबा आणि हातात ओलं फडकं घेतल्याशिवाय मुंबईहून पुण्याला निघणाऱ्याला बेजबाबदार समजलं जाई.

विजेवर चालणारा पंखा आला आणि हा अन्याय संपला. पाण्याचा ताप बघून तो आपला आपण लागतो आणि आपला आपण थांबतो. बहुतेक एटीव्हींमध्ये पाणी पंचाण्णव अंशांच्या आसपास गेलं की पंखा लागतो, थोडं उतरलं की बंद होतो. माणसाने यात काहीच करायचं नसतं. आणि अडचण नेमकी तिथेच आहे. माणसाला काही करायचं नसलं की तो विचार करतो.

पंखा गाडी बंद केल्यावर का लागतो, यावर मी जाणकारांच्या तोंडून बरीच मतं ऐकली आहेत. वायर चिकटलीय इथपासून गाडीची आधीच्या मालकाने केलेली आबाळ इथपर्यंत. खरं कारण साधं आहे. पाणी फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद झालं की पंप थांबतो, पाणी जागच्या जागी उभं राहतं. पण सिलिंडरचा धातू अजून रसरसलेला असतो, तो आपली उष्णता त्या उभ्या पाण्याला देत राहतो. त्यामुळे गाडी बंद केल्यावर ताप उतरण्याआधी थोडा चढतो. ज्या गाड्यांत पंख्याची वायर थेट बॅटरीवर आहे तिथे तो किल्ली काढल्यावरही फिरतो. ज्यांत किल्लीवरून आहे तिथे गपगार. दोन्ही प्रकार निर्दोष आहेत. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात हे लिहिलेलं असतं. ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढू नये असा आपल्याकडे दंडक आहे, कारण पिशवी फाटली तर गाडी विकताना किंमत येत नाही.

मेव्हण्याला मी हे समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि गाडी पौडच्या मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्री म्हणजे सत्पुरुष. त्यांच्या शास्त्रात गाडी तापण्यावर दोनच औषधं आहेत. पहिलं, थर्मोस्टॅट काढून टाकणे. थर्मोस्टॅट ही पाण्याच्या वाटेवरची एक छोटी झडप. तिच्यात मेण असतं, ऐंशी-ब्याऐंशी अंशांना ते वितळून फुगतं आणि झडप उघडते. तोवर पाणी इंजिनातच घुमतं, म्हणजे इंजिन लवकर कामापुरतं गरम होतं. "सायेब, ह्याची आपल्याकडं गरज न्हाय. हे थंड मुलखातल्या लोकांसाठी असतंय," असं म्हणून मिस्त्रींनी ती झडप काढली आणि एका डब्यात टाकली. डब्यात पाहिलं तर तालुक्यातल्या बहुतेक सगळ्या गाड्यांचे थर्मोस्टॅट आत सुखाने नांदत होते. थर्मोस्टॅट काढलेली गाडी थंडीत नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पिते, हे मी त्यांना सांगणार होतो. पण 'आपल्याकडं थंडी असती कुठं?' हा प्रश्न मे महिन्यात, पौडमध्ये, पत्र्याच्या शेडखाली विचारला गेला तर त्याला उत्तर नसतं.

दुसरं औषध, फॅन डायरेक्ट करणे. हा सेन्सर नको, तो रिले नको, संगणक तर नकोच नको. बॅटरीतून एक वायर काढायची, हँडलपाशी एक बटण बसवायचं आणि ते दाबलं की फॅन चालू. घरात पंख्याची बटणं असतात तसलंच पांढरं बटण मिस्त्रींनी हॉर्नच्या शेजारी बसवलं. आता पंखा लागला का, हा प्रश्नच मिटायला हवा होता. तो असा मिटला, की त्याच्या जागी 'पंखा लावला का?' आणि 'पंखा बंद केला का?' असे दोन नवे प्रश्न आले. पाहुण्यांची मुलं एटीव्हीवर बसून हॉर्न वाजवायला जात आणि पंखा लावून येत. एटीव्हीची बॅटरी अंगाने लहान. रात्रभर पंखा फिरला की सकाळी गाडी ढकलावी लागे. ही गाडी ढकलणं म्हणजे साडेतीनशे किलो वजन उताराने आपल्या मर्जीने आणि चढाने आपल्या जिवावर नेणं.

औषध एकदा उलटलंही. पंख्याची मोटर काढून साफ करून मिस्त्रींनी परत बसवली तेव्हा दोन वायरींची अदलाबदल झाली. विजेच्या अशा मोटरीला वायरी उलट जोडल्या तर ती रुसत नाही, उलट्या दिशेने फिरते, तितक्याच उत्साहाने आणि तितक्याच आवाजात. पंखा समोरची हवा ओढून घ्यायच्या ऐवजी इंजिनाकडची गरम हवा पुढे ढकलू लागला आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी त्याची रस्सीखेच सुरू झाली. पंखा लागलाय, आवाज येतोय, वारा लागतोय, आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापतेय. मेव्हणा आठ दिवस कुणाशी बोलला नाही. यावरची परीक्षा सोपी आहे. पंखा चालू असताना रेडिएटरच्या पुढच्या जाळीला कागद लावून बघायचा. चिकटून राहिला तर ठीक, उडाला तर वायरी उलट. मेव्हण्याच्या खिशात तेव्हा कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका होती. ती जाळीला लावली आणि ती शेजारच्या भातखाचरात जाऊन पडली. मिस्त्री म्हणाले, "फॅन पॉवरफुल हाय बघा."

खरं सांगायचं तर दहापैकी आठ वेळा दोष पंख्याचाही नसतो आणि थर्मोस्टॅटचाही. दोष चिखलाचा असतो. रेडिएटरला नळ्यांच्या मधोमध पातळ पत्र्याच्या जाळीदार घड्या असतात, वारा त्यांतून जायला हवा. मुळशीच्या भातखाचरातून गाडी एकदा फिरवून आणली की चिखल, गवताचं बी आणि कुसळं त्या घड्यांत जाऊन बसतात. वाळल्यावर त्यांची भिंत होते. मग पंखा कितीही फिरो, तो भिंतीला वारा घालतो. यावर उपाय म्हणून माणसं गाडी धुवायच्या सेंटरवर नेतात आणि तिथला मुलगा समोरून जोराच्या फवाऱ्याने पाणी मारतो. वरचा चिखल जातो, गाडी चकचकीत दिसते, मालक खूश. आतला चिखल मात्र आणखी आत ठोकून बसवला जातो आणि पातळ घड्या वाकून आडव्या होतात, ते वेगळंच. साध्या नळाच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हळूहळू धुवायला हवं. हळूहळू काही करायला सांगितलं की त्या मुलाला आपण पैसे द्यायचे नाहीत असा संशय येतो.

चिखलाच्या बाबतीत अमेरिकेच्या दक्षिणेकडचे लोक आपल्या पुढे गेलेले आहेत. लुइझियाना, मिसिसिपी या भागांत चिखलात गाडी बुडवणं हाच खेळ आहे. पलीकडे जाणं दुय्यम. रेडिएटर खाली असला की चिखलाने भरतो, म्हणून ते तो जागेवरून उचलतात आणि वर, हँडलच्या पुढे, सामान ठेवायच्या जागी बसवतात. बाजारात त्यासाठी तयार ब्रॅकेट आणि नळ्या मिळतात. श्वास घ्यायची नळीही वर, रेडिएटरही वर. इंजिन आणि माणूस तेवढे खाली. चिखलाचा प्रश्न सुटतो. पण पंखा रेडिएटरच्या मागे असतो आणि आता त्याच्याही मागे चालवणाऱ्याचं तोंड असतं. पंधरा गीझरची सगळी ऊब थेट तोंडावर. पंखा लागला का हे त्यांना कुणाला विचारावं लागत नाही, ही एक जमेची बाजू.

खोल पाण्यात शिरताना मात्र त्यांना वेगळीच धास्ती. पंख्याची पाती हवेसाठी घडवलेली, प्लास्टिकची. फिरता पंखा पाण्यात बुडाला की तो हवा सोडून पाणी ओढायला लागतो, पाती पुढच्या बाजूला वाकतात आणि रेडिएटरलाच कापून काढू शकतात. म्हणून तिथले शहाणे लोक पंखा बंद करायचं बटण बसवतात. आपल्या मिस्त्रींनी पंखा लावायचं बटण बसवलं, त्यांनी बंद करायचं. मला यात दोन संस्कृतींचा संगम दिसतो. वायरिंग मात्र दोन्हीकडे सारखंच, इन्सुलेशन टेपवर उभं.

याहून मजेचा प्रकार कॅनडात. तिथे हिवाळ्यात अंगणातला बर्फ सारायला एटीव्हीच्या पुढे लोखंडी पातं लावतात. बाहेर शून्याखाली वीस, आजूबाजूला गुडघाभर बर्फ, आणि गाडी तापते! कारण पातं उचललेलं असलं की ते नेमकं रेडिएटरच्या तोंडासमोर येतं आणि वाराच अडवतं. शिवाय काम पुढे-मागे, पुढे-मागे, वेग शून्याच्या जवळ. मिस्त्रींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बघा, तिकडंबी थर्मोस्टॅट काढाया पाहिजे." या माणसाच्या सिद्धान्तात खंड पडत नाही.

कुलंटच्या बाबतीतही त्यांचं मत पक्कं आहे. पाणी असताना ते रंगीत औषध कशाला? पण निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असं मिश्रण उणे पस्तीसच्या खालीपर्यंत गोठत नाही आणि शंभरापुढेही लगेच उकळत नाही. त्यात रेडिएटरचं झाकण आतला दाब धरून ठेवतं, त्याने उकळायची पायरी आणखी वर जाते. लेहला साडेतीन हजार मीटरवर उघड्या भांड्यातलं पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे आपला पंखा जागाही झालेला नसताना. लडाखमध्ये लष्कर अशा गाड्या वापरतं ते या झाकणाच्या जिवावर. हे तेच झाकण, जे गाडी गरम असताना उघडू नये असं त्याच्यावरच छापलेलं असतं आणि जे गाडी गरम झाली की प्रत्येक जण आधी उघडायला जातो. आत पाणी शंभरापेक्षा वर तापूनही दाबामुळे गप्प बसलेलं असतं. झाकण सैल झालं की ते एकदम उकळून तोंडावर येतं. ज्यांनी हे केलं आहे ते पुढे आयुष्यभर फडकं घेऊनच फिरतात, गाडी विकली तरी.

कुलंट बदलल्यावर आत हवेचा बुडबुडा अडकतो, हे आणखी एक प्रकरण. बुडबुडा नेमका सेन्सरपाशी बसला तर सेन्सरला पाण्याचा स्पर्शच होत नाही. इंजिन तापलेलं असतं आणि पंख्याला कुणी सांगतच नाही. म्हणून गाडी चढावर, नाक वर करून उभी करायची, थंड असतानाच झाकण काढायचं, इंजिन सुरू करायचं आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत वाट बघायची. मेव्हण्याच्या घरासमोरच्या उताराला आता गावात दवाखान्याचा उतार म्हणतात.

आणि पंखा सतत, अजिबात न थांबता लागलेला असेल तर? बऱ्याच गाड्यांत तापमानाचा सेन्सर तुटला किंवा त्याची वायर सुटली की गाडीचा संगणक घाबरून पंखा कायमचा चालू करतो, की ताप कळत नाही तर निदान वारा तरी असू दे. म्हणजे पंखा अखंड चालतोय याचा अर्थ गाडी तापलीय असा नाही; तर गाडी तापलीय की नाही हे कुणालाच कळेनासं झालंय, असा आहे. बटणाला कंटाळून मेव्हण्याने पंखा पुन्हा सेन्सरवर आणला होता. पावसाळ्यात गाडी गोठ्यात झाकून ठेवली होती, उंदरांनी त्या सेन्सरची वायर खाल्ली. मिस्त्रींनी तिथे पहिल्यांदा हात टेकले. वायर काढून टाकायचा त्यांचा उपाय उंदरांनी आधीच केलेला होता.

शेवटी मेव्हण्याने आवाजावर विसंबायचं सोडलं. त्याने आकडा दाखवणारं एक मीटर मागवलं आणि रेडिएटरच्या नळीत बसवलं. आता गाडी चालवताना तो रस्त्याकडे कमी आणि आकड्याकडे जास्त बघतो. "दाजी, एक्क्याण्णव." थोडं पुढे गेलं की, "त्र्याण्णव." मागे बसून मी पूर्वी निसर्ग बघत होतो, आता शेअर बाजार ऐकतो. चौऱ्याण्णवला दोघांचे श्वास अडकतात, पंचाण्णवला पंखा लागतो आणि मग तो का लागला यावर चर्चा सुरू होते. शिवाय गाडीचा स्वतःचा पडदा एक आकडा दाखवतो आणि हे मीटर दुसरा, कारण एकाचा सेन्सर इंजिनापाशी आणि दुसऱ्याचा नळीत. दोन्ही आपापल्या जागी खरे. दोघांत खरा कोण, हे ठरवायला त्याने लांबून ताप मोजणारी बंदूक आणली. कोविडच्या काळात कपाळावर रोखायचे ती नव्हे. तिची झेप माणसाच्या तापापर्यंतच. ही कारखान्यातली, लाल ठिपक्याची. पण चकचकीत अॅल्युमिनियमवर ती खराखुरा आकडा दाखवत नाही, बराच कमी दाखवते. त्यामुळे एकाच वेळी सत्त्याण्णव, एक्क्याण्णव आणि बावन्न असे तीन आकडे मिळाले.

तिन्ही आकडे कागदावर लिहून आम्ही मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला, गाडीपाशी बसले आणि रेडिएटरला हाताचा मागचा भाग हलकेच लावून लगेच काढला.

"गरम हाय," ते म्हणाले. "चालवत आणली न्हवं?"